भिंतीला डोकं टेकलेली म्हैस

पोलीस खात्यात उभी हयात गेली, त्यामुळं लग्नाकार्यात कुणी ना कुणी खुर्ची जवळ ओढून विचारतोच, "साहेब, सगळ्यात भयंकर काय बघितलं?" त्याला खून नाहीतर दरोडा ऐकायचा असतो. मी सांगतो, म्हैस बघितली. लोकांना वाटतं म्हातारा चेष्टा करतोय. पण खरं सांगतो, डोळे मिटले की अजून ती मला दिसते. चांगली दुभती, काळीभोर म्हैस गोठ्याच्या भिंतीला कपाळ टेकून उभी होती. हाक मारली तर कान हलत नव्हता. वैरण पुढं टाकली तर वास घेत नव्हती. मी तिच्या डोळ्यासमोर हात हलवून पाहिला, पापणीसुद्धा लवली नाही. ती नुसती कपाळानं भिंत रेटत होती, जशी काही पलीकडं जायची वाट तिथंच आहे. दुसऱ्या दिवशी ती मेली.

या प्रकरणातल्या कुणाचंही नाव मी घेणार नाही. बिद्रीवरून राधानगरीकडं जाताना आमच्या ठाण्याची हद्द लागायची, त्या हद्दीतलं गाव, एवढं पुरे. खटला अजून कोर्टात आहे. आणि ज्या पोरीची ही गोष्ट आहे ती अजून लहान आहे, तिला उद्या त्याच गावात राहायचंय.

पावसाळा होता. तिकडच्या पावसात आमच्याकडच्या तक्रारीही ठरलेल्या असतात. बांध फुटला, पाणी वळवलं, झाड अंगणात पडलं. सकाळची हजेरी संपली होती, ठाणे अंमलदार चहाची वाट बघत होता, तेवढ्यात बाहेर ट्रॅक्टर थांबला आणि ट्रॉली भरून माणसं उतरली. मध्ये एक बाई होती. चाळिशीची असेल. पदर भिजून अंगाला चिकटलेला, आणि एका कानातलं फूल ओरबाडून काढल्यामुळं मानेवर रक्ताचा ओघळ. तिला दंडाला धरून ओढत आणणारा माणूस तिचा सख्खा धाकटा दीर होता.

"सायेब, हिला आत घाला," तो ओरडला. "हिनं माझ्या पोरीला इख घातलंय. आदी माझी म्हसरं मारली, आता पोरगी मारायला निघालीया."

"आधी हात सोड," मी म्हणालो. "कान कुणी फाडला?"

आपल्याकडं जमावाला आवाज असतो, पण तोंड नसतं. मी महिला शिपायाला बोलावून बाईला आत बसवलं, कानाला पट्टी बांधायला लावली. त्या गोंधळात ती एकच वाक्य बोलली. "पोरगी कशी हाय, तेवढं सांगा की कुनीतरी."

पोरीची खबर आमच्याकडं आधीच आली होती. कोल्हापुरात राजारामपुरीतल्या एका लहान मुलांच्या दवाखान्यातून पहाटे कळवलं होतं की चारेक वर्षांची मुलगी झटके येत असताना दाखल केली आहे, विषबाधेचा संशय आहे. अशी खबर आली की पोलिसाला जावंच लागतं. तिचा बाप तिला तिथं आईजवळ सोडून माघारी आला होता, तो वहिनीला धरायला.

भांडण समजून घ्यायला मला फार वेळ लागला नाही, कारण ट्रॉलीतला प्रत्येक जण ते सांगायला उतावीळ होता. दोन भाऊ. थोरल्यानं ओढ्याकाठी गुऱ्हाळ उभं केलं होतं, त्याच्या गुळाला बाजारात नाव होतं. तो अपघातात गेला. मूलबाळ नव्हतं. धाकट्याला गुऱ्हाळ परवडेना, त्यानं ते बंद केलं. थोरलीचं म्हणणं, माझ्या मालकानं उभं केलेलं गुऱ्हाळ पेटतं ठेवा, नाहीतर माझा वाटा मोकळा करा. त्यावरून भर गल्लीत भांडण झालं आणि थोरलीच्या तोंडून निघून गेलं की तुझं वाटोळं होईल. पुढच्या काही महिन्यांत धाकट्याच्या गोठ्यातल्या म्हशी एकेक करून आंधळ्या होऊन मेल्या. आणि आता पोरगी. शाप हा आमच्याकडं निम्मा पुरावा धरतात. उरलेला निम्मा असा की पोरगी जेवायला आणि झोपायला कायम थोरलीच्याच घरात असायची.

कायद्यानं बाईला चौकशीसाठी ठाण्यात बसवून ठेवता येत नाही, आणि तशी ती आरोपीही नव्हती. पण तिला घरी पाठवली असती तर संध्याकाळी मला तिचाच पंचनामा करावा लागला असता. म्हणून तिच्या सुरक्षिततेसाठी ठेवली आहे अशी नोंद घातली आणि महिला शिपायाला तिच्याजवळ बसवलं. मग पंच घेऊन गावात गेलो. दोन्ही घरांतलं पीठ, तेल, दूध, मीठ, माळ्यावरचे फवारणीचे डबे, सगळं सील केलं. ती म्हैस मी तेव्हाच पाहिली. जनावरांच्या डॉक्टरनं तिच्या डोळ्यांत बॅटरी मारली आणि मान हलवली.

"साहेब, औषध घातलं असतं तर लाळ गाळून चार तासांत गेली असती," तो म्हणाला. "ही कितीतरी दिवस झुरतीय. दिसायचं बंद झालंय. हे फवारणीचं विष नव्हे."

"मग कसलं?"

"तपासणीला पाठवतो. आत्ता नाव घेतलं तर तुमच्या मागची मंडळी त्याच नावानं बोंब मारतील."

शहाणा माणूस. पण नाव कळायचं होतं ते कळलंच. राजारामपुरीतल्या डॉक्टरीण बाईंनी मला केबिनमध्ये बोलावलं. बाहेर काचेतून ती पोरगी दिसत होती. दंडावर सलाईन, चेहरा पिठासारखा पांढरा, डोळे उघडे पण कुणाकडंच नाहीत. मला एकदम ती म्हैस आठवली. असं आठवल्याची मला लाज वाटली.

"रक्तात शिसं आहे," डॉक्टरीण बाई म्हणाल्या. "भरपूर आहे. आणि हे एका दिवसाचं नाही. कितीतरी महिने थोडं थोडं पोटात जातंय."

"वाचेल?"

"जीव वाचेल बहुतेक. रक्तातलं शिसं औषधानं बाहेर काढता येतं. मेंदूत जे नुकसान झालं ते औषधानं भरून येत नाही. आई म्हणते, ही दिवसभर बडबड करायची, गोठ्यातल्या सगळ्या म्हशींना नावानं हाका मारायची. गेल्या महिन्यापासून बोलणं कमी कमी होत गेलं. घरच्यांना वाटलं, पोरगी शहाणी व्हायला लागली."

हे निदान बाहेर गेलं आणि आगीत तेल पडलं. मला वाटलं होतं, महिनोन्‌महिन्यांचं विष म्हटल्यावर लोक विचारात पडतील. झालं उलटंच. धाकटा ठाण्यात येऊन टेबलावर हात आपटून म्हणाला, "बघा! रोज थोडं थोडं घालत हुती. रोज! आन् पोरगी तिला थोरली आई म्हनत हुती!" मागं उभे असलेले पुढारी मान डोलवत होते. दुसऱ्या दिवशी माझ्या वरिष्ठांचा फोन आला की अटक का दाखवत नाही. मी म्हणालो, शिसं कुठून आलं ते कळू द्या, अटक काय, पळून जाणार आहे का ती.

मी थोरलीशी बोललो. महिला शिपाई शेजारी, दार उघडं. मी उलटतपासणीच्या सुरात बोललो नाही. तीस वर्षांत एवढं कळलं होतं की खोटं बोलणारा माणूस स्वतःबद्दल फार बोलतो आणि खरं बोलणाऱ्याला स्वतःबद्दल विचारलं तर कंटाळा येतो.

"पोरीला काय खायला देत होता?"

"आमी खातोय त्येच. भाकरी, दूध, आमटी. तिला दह्याची साय आवडती, ती ठेवती तिच्यापुरती."

"तुम्हाला स्वतःला काही त्रास?"

"हाता-पायाला मुंग्या येत्यात. पोटात कळ येती. शेतात राबून कुनाला येत न्हाय सायेब?"

बोलताना मला तिच्या हिरड्या दिसल्या. दाताच्या कडेनं निळसर काळी रेघ. मी विचारलं, मिश्री लावता काय. पहिल्यांदाच ती थोडी हसली.

"मिश्री न्हाय लावत मी. आमच्यात राखुंडी. पोरगीबी माझ्याकडनंच दात घासून घेती. आईनं ब्रश आनून दिलाय, पर न्हाय. सकाळी उठली की पळत येती आन् माझं बोट धरून तोंडात घालती. लाव म्हनून."

एवढं बोलून ती रडायला लागली. मी बाहेर आलो. शिशाची तशी रेघ हिरड्यांवर उठते हे डॉक्टरीण बाईंनी सांगितलं होतं, आणि माझ्या मनात एकच गोष्ट पक्की झाली होती. जे पोरीच्या अंगात होतं ते थोडंफार हिच्याही अंगात होतं. दुसऱ्याला विष घालणारी बाई स्वतः ते खात नसते.

आमच्या ठाण्यात एक हवालदार होता. कोल्हापुरातल्या जुन्या मुसलमान घरातला, आजोबांपासून गाड्यांच्या स्प्रिंगचे पाटे बसवायचा धंदा. हा एकटाच नोकरीत आला, पण रस्त्यावर कुठलीही गाडी दिसली की आधी तिच्या चाकांकडं बघायचा. मी त्याला म्हणालो, या गावात शिसं कुठून येणार, सांग.

"शिसं म्हंजी बॅटरी, साहेब," तो म्हणाला. "जुन्या बॅटऱ्या फोडून शिसं वितळवत्यात. आन् बॅटरीवरनं मला एक टेंपो आठवला. मागं नाक्यावर अडवला हुता. चालक म्हनला, गूळ हाय. हौद्यात मोजून घ्यावं असं चार-पाच बॉक्स, पर पाटं वजनानं पार बसल्यालं. ताडपत्री उचलून बघितली, वरच्या बॉक्सात गूळच हुता. सोडला. पर डोस्क्यातनं जाईना. भर आषाढात कुठलं गुऱ्हाळ पेटतंय साहेब?"

गुळाचा हंगाम पावसाळ्याआधीच आटपतो, हे कोल्हापुरातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. आम्ही नाकाबंदी लावली. दोन दिवस काही नाही. तिसऱ्या दिवशी दुपारी, धो धो पावसात, तोच टेंपो आला. हवालदारानं वरचा बॉक्स बाजूला केला आणि खालचा उचलायला गेला. तो हलेना. दोघं लागलो. झाकण काढलं तर आत गुळाचा रवा, म्हणजे ढेप, असावा तसाच गोल गठ्ठा, त्याच आकाराचा, फक्त राखाडी आणि थंडगार. गुळाच्याच साच्यात शिसं ओतलं होतं.

चालक जागेवरच रडकुंडीला आला. "म्या नुस्ता भरून न्हेतोय सायेब. गुऱ्हाळावर भरतोय, म्हामार्गावर दुसऱ्या गाडीत घालतोय. फुडचं मला काय बी ठाव न्हाय."

"कुठलं गुऱ्हाळ?"

त्यानं वाट दाखवली. गाव तेच होतं.

ओढ्याच्या वळणावर उतरलो तेव्हा आधी वास आला, नाकात झोंबणारा. गुऱ्हाळाच्या मागं फोडलेल्या बॅटऱ्यांच्या काळ्या डब्यांचा ढीग कौलांपर्यंत गेला होता. त्यातलं आम्लाचं पाणी चर खणून ओढ्यात सोडलं होतं, आणि चराच्या दोन्ही कडांचं गवत करपून पिवळं झालेलं. खालच्या वाफ्यांतलं भाताचं तरू, लावणीची रोपं, जळल्यासारखं. तोंडाला फडकं बांधलेली तीन-चार परमुलखातली माणसं भट्टीपाशी उभी होती. त्यांना कुणीसं सांगितलं होतं की गूळ खा, दूध प्या, म्हणजे शिसं बाधत नाही. आणि भट्टीवर होती गुऱ्हाळाची काहील. ज्या काहिलीत आजवर उसाचा रस उकळला, त्या काहिलीत शिसं रटरटत होतं.

या कामाचं गावात कुणाला नवल वाटलं नव्हतं. कोल्हापूरच्या आसपास फौंड्र्या एवढ्या की धातू वितळवणं म्हणजे भजी तळण्याइतकं साधं काम. भंगार वितळवत्यात म्हणे, एवढ्यावर गाव गप्प होतं.

मी पोलीस पाटलाला विचारलं, "गुऱ्हाळ कुणाचं?"

तो पायाच्या अंगठ्यानं चिखल उकरत म्हणाला, "फिर्यादीचंच की सायेब."

मला काही सेकंद कळेचना की हा काय बोलला. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तसं झालं होतं. ज्या बापानं वहिनीचा कान फाडला, त्यानंच आपलं बंद गुऱ्हाळ भाड्यानं दिलं होतं.

पण शिसं ओढ्याकाठी आणि पोरगी गावात. मधला दुवा सापडत नव्हता. पाणी म्हणावं तर गाव ओढ्याचं पाणी पीत नव्हतं. पंचनामा चालू होता, पाऊस जरा उघडला होता, आणि पाणंदीच्या वाटेनं दोन बायका आल्या. डोक्यावर रिकाम्या पाट्या. पोलीस बघून दचकल्या, पण परत फिरल्या नाहीत. एकीनं हवालदाराला विचारलं, "पावनं, आज राख मिळंल का न्हाय?"

"कसली राख?" मी पुढं झालो.

"गुऱ्हाळाची की." मी येडा आहे काय अशा नजरेनं तिनं बघितलं. "ती बघा, ढीग पडलाय न्हवं."

शेडच्या कडेला करड्या भुकटीचा ढीग होता. मऊ, पिठासारखा. वरून पाट्या भरून नेल्याचे खळगे.

गुऱ्हाळाच्या गावात जो वाढला नाही त्याला हे सांगावं लागेल. गुऱ्हाळावर आलेल्याला रस प्यायल्याशिवाय जाऊ देत नाहीत, आणि गुऱ्हाळाची राख मागायची नसते, न्यायची असते. ती साऱ्या गावाची. उसाच्या चिपाडाची ती राख म्हणजे बायकांना सोनं. पितळ तिनं लखलखतं. पावसाळ्यात गोठा निसरडा झाला, म्हशीचे पाय घसरायला लागले की गोठ्यात राख पसरतात. वांग्या-मिरचीच्या रोपांवर टाकतात. चाळून, थोडं मीठ घालून राखुंडी करतात. पिढ्यान्‌पिढ्यांचा रिवाज. भट्टी पेटली, राख पडली, बायका पाट्या घेऊन आल्या. भट्टीवर आता रस नाही, शिसं आहे, हे त्यांना कोण सांगणार? राख ती राख.

"कोण कोण नेतं?" मी विचारलं.

"सगळीच न्हेत्यात. गोठ्यात टाकायला, भांडी घासायला. ही राख जरा जड हाय, पर पितळ बेस निघतंय. म्हसरं तर चाटत्यात हो, कशी काय गोडी लागली कुनास ठाऊक."

मी हादरलो. हा शब्द मी जपून वापरतो, पण दुसरा नाही. खाली बसलो, शेडच्या कट्ट्यावर. एका क्षणात गावातली सगळी घरं डोळ्यापुढून गेली. गोठे, चुली, जेवणाची ताटं, अंगणात रांगणारी लेकरं. मी एक खुनी शोधायला आलो होतो आणि इथं आख्खं गाव स्वतःच्या हातानं, डोक्यावर वाहून, विष घरी नेत होतं. आणि दूध! त्या गोठ्यांतलं दूध संकलनाला जात होतं. तिथून ते कुठं कुठं गेलं असेल, कुणाच्या चहात पडलं असेल. आमच्या ठाण्यातल्या चहातसुद्धा. मी तिथूनच फोन करून त्या गावचं दूध थांबवायला लावलं. लोकांनी शिव्या घातल्या. घालू देत.

भट्टी चालवणारा दुसऱ्या दिवशी ताब्यात आला. शहरातला माणूस, स्वच्छ इस्त्रीचा शर्ट, बोलणं लोण्यासारखं. त्याचं म्हणणं एकच. "भंगाराचा धंदा हाय साहेब. परवानगी काढायची ऱ्हायली, तेवढा गुन्हा मान्य. शिशानं एवढं हुतं हे मला काय ठाव?"

या उत्तराला धक्का लागत नव्हता. न्यायालयात तो हेच बोलला असता आणि दंड भरून सुटला असता. मी त्याला मारलं नाही, आवाजही चढवला नाही. त्याच्या जीपचा पंचनामा करायला सांगितला. मागच्या सीटखाली प्लास्टिकची पिशवी निघाली. धुतलेले कपडे, वेगळ्या चपला, टॉवेल, साबण. भट्टीवरच्या मजुरानं सांगितलं की शेठ रोज निघताना ओढ्याच्या वरच्या अंगाला आंघोळ करतो, कपडे बदलतो आणि मगच गाडीत बसतो.

मी पिशवी टेबलावर ठेवली. "हे कशाला?"

तो बेसावध होता. पटकन बोलून गेला. "घरी ल्हान पोरं हाईत साहेब."

हवालदार लिहायचा थांबला. बोललेलं आपल्याला कुठं घेऊन गेलं ते त्या माणसाला हळूहळू कळलं आणि त्याच्या तोंडावरचा रंग उडाला.

"आणि त्या बायका पाट्या भरून न्यायच्या तेव्हा?" मी विचारलं.

"मी कुनाला दिली न्हाय," तो खाली बघून म्हणाला. "न्हेत हुत्या, मी नको म्हनलो न्हाय. मलाबी ती टाकायला जागा नव्हती."

मी नोकरीत पुष्कळ नीच माणसं बघितली. रागात खून करणारे, दारूत करणारे, पैशासाठी करणारे. पण स्वतःच्या पोरांसाठी चपला बदलणारा आणि दुसऱ्यांच्या पोरांच्या घरात तेच विष जाताना विडी ओढत बघत बसणारा माणूस मी पहिल्यांदा बघितला. आणि सगळ्यात वाईट म्हणजे तो राक्षस दिसत नव्हता. चांगला बाप दिसत होता.

धाकट्याला बोलावलं. त्याला आधी वाटलं, वहिनीची अटक दाखवायला बोलावलंय. मी गुऱ्हाळाचं विचारलं तसा चपापला. "भंगारवाल्याला दिलंय. वैनीला भाड्याचं सांगू नका सायेब, वाटा मागंल. पर त्येचा आन् ह्येचा काय संबंद?"

मी संबंध सांगितला. ढीग, पाट्या, गोठा, राखुंडी. तो ऐकत होता आणि त्याचं तोंड उघडंच राहिलं. शेवटी म्हणाला, "मग मी फिर्याद मागं घेतो."

"ती मागं घेता येत नाही," मी म्हणालो. "आता ती तुझ्यावरच आलीय."

त्यालाही आरोपी केलं. माझ्या हाताखालच्या काहींना ते पटलं नाही. आधीच त्याच्या घरावर डोंगर कोसळलाय, म्हणाले. आपलेच दात आणि आपलेच ओठ, मलाही कळत होतं. पण जागा त्याची, भाडं त्यानं घेतलेलं, आणि आषाढात धूर निघतोय कशाचा हे विचारायचं काम पहिलं त्याचं होतं.

सगळ्यात अवघड काम मात्र पुढंच होतं. थोरलीला मी सांगितलं की तुमच्यावरचा संशय फिटला, तुम्ही घरी जाऊ शकता. तिनं हात जोडले, देवाचं नाव घेतलं, पहिल्यांदा घोटभर चहा घेतला. आणि मला तिचा पुरवणी जबाब घ्यायचा होता, कारण विष पोरीच्या तोंडापर्यंत कसं गेलं ही साखळी जुळल्याशिवाय भट्टीवाल्यावर गुन्हा टिकत नव्हता. ती साखळी तिच्याशिवाय कुणाला सांगता येणार नव्हती.

"राख कुठून आणायचा?"

"गुऱ्हाळावरनं. आमचंच न्हवं का ते. मालकांच्या वक्तापास्नं तितलीच राख."

"कशा कशाला वापरली?"

"गोठ्यात टाकली, रोज पाटीभर, माझ्या आन् भावजींच्याबी. भांड्याला. आन् राखुंडी..."

ती थांबली. शिकलेली नव्हती, पण मी का विचारतोय हे कळायला शिकावं लागत नाही. तिनं उजव्या हाताचं बोट वर करून बघितलं, कुणा परक्याचं असल्यासारखं.

"म्हंजी मीच दिलं की," ती म्हणाली.

"नाही वैनी. तुम्हाला माहीत नव्हतं." मी शिपायाला म्हणालो, लिही, मला याची काहीही माहिती नव्हती.

"तसं लिवू नगा सायेब," ती म्हणाली. आवाज चढला नाही, रडली नाही. "मला ठाव नव्हतं, ह्येचा पोरीला काय उपेग?"

मी तसंच लिहायला लावलं, कायद्याला ते लागतं. तिनं अंगठा द्यायला नकार दिला नाही. फक्त डावा पुढं केला, तो चालतोच. उजवा हात तिनं पदराखाली घेतला होता.

पुढचं वर्तमानपत्रांत आलं, मी नव्यानं सांगत नाही. तज्ज्ञ आले, नमुने घेतले. ढीग बंद गाडीतून उचलला, अंगणांतली आणि गोठ्यांतली वरची माती खरवडली. ज्या घरांत राख गेली होती त्या घरांतली लेकरं तपासली, आणि पुष्कळांच्या आया त्या दिवशी दवाखान्याच्या व्हरांड्यात भिंतीला टेकून बसलेल्या मी पाहिल्या. ओढ्याकाठच्या वाफ्यांत कुणी भात लावेना. आपली पोरगी त्या गावात सून म्हणून द्यायची नाही असं शेजारची गावं बोलायला लागली. शिसं गेलं, पण गावाचं नाव त्यानं धरून ठेवलं.

लोक मला विचारतात, या प्रकरणानं काय शिकवलं. शिकवलं असं म्हणायला मला जड जातं, कारण शिकायची किंमत दुसऱ्यानंच भरली. पण एक सांगतो. गावात विषाचा शब्द निघाला की आपण पहिलं विचारतो, वैर कुणाशी. मीही नोकरीभर तेच विचारत आलो. त्या गावात वैर होतं, शाप होता, वाटणी होती, सगळा मसाला तयार होता. आणि विष मात्र मायेच्या वाटेनं आलं, चांगल्या रिवाजाच्या वाटेनं आलं, कुणाला नाही म्हणायचं नसतं अशा दारातून आलं. तेव्हापासून कुठंही फुकट वाटलं जाणारं काही दिसलं की मी आधी विचारतो, देणारा स्वतः ते घरी नेतो काय.

माझी बदली व्हायच्या आधी मी एकदा त्या गावी गेलो, पंचांना समन्स द्यायचं निमित्त करून. पोरगी दवाखान्यातून येऊन बरेच दिवस झाले होते. अंगणात बसली होती, गाल भरले होते. तिच्या आईनं सांगितलं, ‘आई’ म्हणतीय, ‘पानी’ म्हणतीय, म्हसरांची नावं मात्र गेली ती गेलीच. थोरली पलीकडच्या उंबऱ्यात बसून मेथी निवडत होती. दोन्ही घरांच्या मधलं, भांडणानंतर लावून घेतलेलं दार आता उघडं होतं. धाकट्याची बायको ते बंद करायची नाही, पण थोरली स्वतः ते ओलांडायची नाही. पोरीला तिनं आल्यापासून हात लावला नव्हता. जवळ आली की उठून आत जायची.

आम्ही बोलत असताना पोरगी उठली. पावलं अजून जरा वाकडी पडत होती. तुरुतुरु जाऊन थोरलीसमोर उभी राहिली. थोरली उठायला लागली, पण मांडीवर मेथी होती, तेवढा वेळ गेला. पोरीनं तिच्या पदराखाली हात घातला, शोधून शोधून तिचं उजव्या हाताचं बोट बाहेर काढलं, आणि तोंड उघडून ते दातांवर ठेवलं.

थोरलीनं बोट मागं घेतलं नाही. नुसतंच, काही न लावलेलं, पोरीच्या दातांवरून ती ते हळूहळू फिरवत राहिली.